स्थळचित्रण, चित्रपटातील

चित्रपटातील प्रसंग स्टुडिओत उभारलेल्या नेपथ्यावर न घेता प्रत्यक्ष गाव, रस्ता, घर, नदीकाठ वा रानमाळ अशा मूळच्या जागी जाऊन चित्रित करण्याच्या पद्धतीस स्थळचित्रण म्हणतात. व्यवहारात ‘बाह्यचित्रण’ हा शब्द याच अर्थी रूढ आहे. तथापि दोहोंत थोडा भेद आहे. स्टुडिओच्या आवारात उघड्यावर उभारलेल्या गावाचे चित्रण हेही बाह्यचित्रण ठरते. उलट राहत्या घराच्या माजघरात केलेले चित्रण बाह्य नसले, तरी ते स्थळचित्रण होय. कथेला पार्श्वभूमी पुरविणे एवढेच स्थळचित्रणाचे प्रयोजन नसते. प्रकाश, हवामान, ध्वनी, बोली, अंतरे आणि तेथील माणसांचे श्रम यांच्या द्वारे स्थळ हे कथेतील घटनांना कारणीभूत होऊ शकते. तसे घडते, तेव्हा त्या स्थळाचे वेगळेपण प्रेक्षकाच्या प्रत्ययास येते. या प्रत्ययास स्थळबोध म्हणता येईल. खरे स्थळ हे स्थळबोधाचे प्रभावी साधन आहे. परंतु ते त्याची हमी नव्हे.

ऐतिहासिक आढावा : चित्रपटाच्या आरंभकाळीच स्टुडिओ व प्रत्यक्ष स्थळ या दोन्ही वाटा दिसून येतात. अमेरिकेत टॉमस एडिसन यांच्या न्यू जर्सी येथील प्रयोगशाळेच्या आवारात १८९३ मध्ये चित्रीकरणासाठी एक काळी खोली बांधण्यात आली. तिचे छप्पर उघडता येई व सूर्याच्या दिशेनुसार सर्व खोली फिरविता येई. एडिसन यांचा कॅमेरा अवजड असल्याने विषय त्याच्यापुढे आणून उभा करावा लागे. फ्रान्समधील ल्यूम्येअर बंधूंचा कॅमेरा हलका व हाताने फिरविण्याजोगा होता. त्यामुळे तो विषयाकडे नेता आला. कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, स्थानकात येणारी आगगाडी हे त्यांचे आरंभीचे विषय त्या सोयीतूनच आले. या बंधूंच्या चित्रपटांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचे चित्रण केले. भारतीय माणसाने केलेल्या चित्रणाचा आरंभ अशा रीतीने प्रत्यक्ष स्थळावरच झाला.

कथापट लांब होऊ लागल्यावर मात्र स्टुडिओचे महत्त्व वाढले. स्टुडिओत प्रकाश हवा तसा योजता येतो, पावसामुळे काम अडत नाही आणि तेच नेपथ्य पुन्हापुन्हा वापरता येते. ध्वनी आल्यानंतर ही गरज अधिकच तीव्र झाली. पहिला भारतीय बोलपट आलम आरा (१९३१) याचे पुष्कळसे चित्रीकरण रात्री करावे लागले, कारण स्टुडिओ रेल्वेमार्गालगत होता व गाड्यांची वर्दळ थांबल्यावाचून संवादांचे ध्वनिमुद्रण शक्य नव्हते. प्रत्यक्ष जगाचा आवाज हा त्या काळच्या बोलपटास अडथळाच होता. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. तेथे उभारलेल्या सुसज्ज स्टुडिओत नेपथ्यकलेने जी उंची गाठली, ती याच परिस्थितीचे फळ होते.

स्टुडिओबाहेरचे चित्रण या काळातही चालू होते. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा नॅनूक ऑफ द नॉर्थ (१९२२) हा कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात इन्यूइट लोकांमध्ये राहून केलेला चित्रपट या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तथापि स्थळ खरे असूनही त्यातील सर्वच वास्तव अकृत्रिम नव्हते. बर्फाच्या घराच्या अंतर्भागाचे चित्रण करण्यासाठी मोठे घर बांधून उजेडाकरिता त्याची एक बाजू खुली ठेवावी लागली. मॅन ऑफ ॲरन (१९३४) मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यावरील बेटांवर केव्हाच बंद पडलेली शार्कची शिकार चित्रपटापुरती पुन्हा करविण्यात आली. स्थळ खरे असले म्हणजे तेथील जीवनही खरेच दाखविले जाते असे नाही, हा धडा या उदाहरणांतून मिळतो.

नववास्तववाद : स्थळचित्रणास निश्चित कलादृष्टी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटलीतील नववास्तववादी दिग्दर्शकांनी दिली. तिच्या मुळाशी परिस्थितीची निकडही होती. रोमजवळील चिनेचित्ता या मोठ्या स्टुडिओत युद्धानंतर निर्वासितांची छावणी होती. साधनसामग्रीचा तुटवडा होता. रोबेर्तो रोस्सेल्लीनी यांनी रोम, ओपन सिटी (१९४५) मध्ये नुकत्याच मुक्त झालेल्या रोमच्या रस्त्यांचा उपयोग केला. त्यांच्याच जर्मनी इयर झीरो (१९४८) मध्ये बर्लिनच्या भग्नावशेषांतून हिंडणारा मुलगा हीच कथा आहे. बाहेरची दृश्ये बर्लिनमध्ये आणि आतील बरीचशी दृश्ये रोममध्ये घेण्यात आली.

व्हीत्तोर्यो दे सीका यांच्या बायसिकल थीव्ह्‌ज (१९४८) मध्ये स्थळ व कथानक यांचा सांधा विशेष स्पष्ट दिसतो. नायक आन्तोन्यो रोमच्या सीमेवरील वाल मेलाईना या नव्या वसाहतीत राहतो. तेथे घरोघरी पाणी नाही; बायका सार्वजनिक नळावरून पाणी वाहून नेतात. भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचे काम त्याला मिळते, पण त्यासाठी सायकल असणे ही अट आहे, कारण ते काम संपूर्ण शहरभर पसरलेले आहे. सायकल चोरीला गेल्यावर तिचा शोध बाजार, पूल, देऊळ व वस्त्या यांतून एका दिवसात केला जातो. शहराचा विस्तार डोळ्यांपुढे उलगडत जातो, तसतशी शोधाची व्यर्थता प्रेक्षकाच्या लक्षात येते. ती संवादातून सांगावी लागत नाही. नायकाची भूमिका करणारे लाम्बेर्तो माज्योरानी हे व्यवसायाने कारखान्यातील कामगार होते.

लूकीनो व्हीस्कोन्ती यांनी ला तेर्रा त्रेमा (१९४८) मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. सिसिली बेटावरील आची त्रेत्सा या गावच्या कोळ्यांनीच त्यात भूमिका केल्या व ते आपल्या बोलीत बोलले. ही बोली मुख्य भूमीवरील इटालियन प्रेक्षकांस कळत नसल्याने चित्रपटास प्रमाण इटालियन भाषेतील निवेदन जोडावे लागले. बोली हा स्थळाचाच एक भाग असतो, आणि तो जपायचा तर प्रेक्षकाची काही गैरसोय पत्करावी लागते, हे या चित्रपटाने दाखवून दिले.

भारतातील स्थळचित्रण : भारतात १९५२ साली भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात नववास्तववादी चित्रपट दाखविण्यात आले व येथील दिग्दर्शकांवर त्यांचा खोल परिणाम झाला. बिमल रॉय यांच्या दो बिघा जमीन (१९५३) मध्ये बलराज साहनी यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर हातरिक्षा ओढली. सत्यजित राय यांनी बायसिकल थीव्ह्‌ज त्यापूर्वीच, १९५० मध्ये, लंडन येथे पाहिला होता. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरील त्यांचा पथेर पांचाली (१९५५) हा भारतीय स्थळचित्रणाचा मानदंड समजला जातो.

कादंबरीतील निश्चिंदिपूर गावासाठी राय यांनी कलकत्त्याच्या दक्षिणेकडील बोडाल हे खेडे निवडले. तेथील एक पडके घर कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी कथेच्या गरजेनुसार सज्ज केले. म्हणजे खऱ्या घरातही नेपथ्यकाराचे काम होतेच. रात्रीची अंतर्गत दृश्ये स्टुडिओत घेण्यात आली. अपू व दुर्गा आगगाडी पाहतात तो प्रसिद्ध प्रसंग बोडालला नव्हे, तर बर्दवान जिल्ह्यातील पालसिटजवळच्या काशफुलांच्या माळावर चित्रित झाला. ऑक्टोबर १९५२ मध्ये तेथे पहिल्या दिवसाचे काम झाले. आठवड्याने मंडळी परत गेली तेव्हा गुरांनी ती फुले खाऊन टाकली होती. फुले पुन्हा येण्यासाठी पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागले. पडद्यावर अखंड वाटणारे निश्चिंदिपूर असे निरनिराळ्या जागांतून व निरनिराळ्या वेळी घडविलेले आहे. त्याची एकात्मता नकाशावर नसून ऋतू, झाडोरा, वाटा व प्रकाश यांच्या सुसंगतीत आहे.

या चित्रपटात स्थळ घटनांना अर्थ देते. पावसात भिजल्यामुळे दुर्गेचा आजार उद्‌भवतो. मोडकळीस आलेले घर वादळापासून तिचे रक्षण करू शकत नाही. शेवटी तिने चोरलेला हार अपू शेवाळलेल्या तळ्यात टाकतो, क्षणभर पाणी उघडे पडते आणि शेवाळ पुन्हा मिटून जाते. गावाने गुपित पोटात घेतले, हा आशय तळ्याच्या स्वाभाविक गुणधर्मातूनच व्यक्त होतो.

अपराजितो (१९५६) या पुढील चित्रपटाने याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आणली. काशीचे घाट, गल्ल्या व कबुतरांचे थवे तेथे जाऊन चित्रित केले गेले. हरिहरच्या घराचा चौक मात्र कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारावा लागला. काशीतील जुन्या घरांच्या चौकांत ऊन थेट न येता वरच्या आकाशातून सौम्य व सावलीविरहित उजेड झिरपतो. स्टुडिओतील दिव्यांनी तो साधेना. म्हणून छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांनी नेपथ्यावर पांढरे कापड ताणले व दिव्यांचा प्रकाश त्यावर टाकून तेथून परावर्तित केला. परावर्तित प्रकाशाची ही पद्धत पुढे सर्वत्र मान्य झाली. येथे जागा कृत्रिम होती, परंतु प्रकाशाचे निरीक्षण खऱ्या जागेवरून घेतलेले होते. त्यामुळे घाटाचे दृश्य व चौकाचे दृश्य यांत सांधा जाणवत नाही.

पुढे श्याम बेनेगल यांच्या अंकुर (१९७४) या चित्रपटाचे चित्रण हैदराबादजवळील खेड्यात, तर मंथन (१९७६) याचे गुजरातेत झाले. मंथन चा खर्च दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उचलला, हे विशेष होय. मीरा नायर यांच्या सलाम बॉम्बे (१९८८) मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर वाढणाऱ्या मुलांनीच प्रमुख भूमिका केल्या.

स्थळबोधाचे घटक : स्थळबोध घडविणाऱ्या घटकांत दृश्य रूप हा सर्वांत उघड घटक असला, तरी तो एकमेव नाही. प्रकाशाची प्रखरता व त्याचा कल अक्षांश, ऋतू व हवेतील धूळ वा बाष्प यांनुसार बदलतो. कोकणातील पावसाळी उजेड व माणदेशातील उन्हाळी उजेड यांत गल्लत होत नाही. बांधकामाचा दगड, छपराचा उतार, अंगणातील वस्तू यांवरून हवामान व आर्थिक स्थिती कळते. अंतर हाही महत्त्वाचा घटक होय: घरापासून विहीर, शाळा वा बाजार किती दूर आहे, हे पात्रांच्या चालण्यावरून समजते. संकलनात परस्परांपासून दूर असलेल्या जागा सलग जोडता येतात. मात्र तसे करताना खऱ्या भूगोलातील श्रम नाहीसे होण्याचा धोका असतो.

ध्वनीच्या बाबतीत तांत्रिक साधनांचा प्रभाव निर्णायक ठरला. हातात धरता येणारे हलके कॅमेरे स्थळचित्रणास सोयीचे होते, पण त्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येई. त्यामुळे भारतात दीर्घकाळ संवाद नंतर स्टुडिओत म्हणवून घेण्याची पद्धत रूढ राहिली. परिणामी चित्र खऱ्या गावाचे व आवाज बंद खोलीतला, अशी विसंगती निर्माण झाली. स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ मध्ये तयार केलेल्या नाग्रा या वाहून नेता येण्याजोग्या ध्वनिमुद्रकाने व त्याच्या सुधारित आवृत्त्यांनी युरोपात ही अडचण बरीच दूर केली. हिंदी व्यावसायिक चित्रपटात जागच्या जागी ध्वनिमुद्रण करण्याकडे पुन्हा लक्ष वेधले ते लगान (२००१) या कच्छमध्ये चित्रित झालेल्या चित्रपटाने. या चित्रपटातील गाव मात्र भुजजवळच्या माळावर मुद्दाम उभारलेले होते. म्हणजे अपराजितो मधील चौकाप्रमाणेच येथेही खऱ्याखोट्याची विभागणी सरळ नाही: घरे उभारलेली, परंतु माती, ऊन व आवाज तेथलेच.

पर्यायी स्थळ : कथेतील स्थळी चित्रण करणे अशक्य वा गैरसोयीचे असल्यास दुसऱ्या ठिकाणाचा उपयोग केला जातो. दीपा मेहता यांच्या वॉटर (२००५) या काशीतील विधवांवरील चित्रपटाचे काशीतील चित्रीकरण २००० साली विरोधामुळे बंद पडले; नंतर तो श्रीलंकेत पूर्ण करण्यात आला. महाराष्ट्रातील वाई परिसर हे पर्यायी स्थळाचे ठळक उदाहरण होय. कृष्णेचा घाट, देवळे, वाडे व डोंगर एकत्र मिळत असल्याने व मुंबईहून येणे सोयीचे असल्याने हिंदी चित्रपटांनी या भागाचा वारंवार उपयोग केला. गंगाजल (२००३) मधील बिहार आणि स्वदेस (२००४) मधील उत्तर प्रदेशातील चरणपूर ही दोन्ही वाई परिसरात चित्रित झाली. स्वदेस साठी नाना फडणीसांच्या वाड्यामुळे प्रसिद्ध असलेल्या मेणवलीचा घाट वापरण्यात आला.

मेणवलीचा घाट काळ्या बेसाल्टी पाषाणाचा आहे व त्यावरील देवळांची शिखरे मराठा शैलीची आहेत. गंगेकाठी काशीसारख्या ठिकाणी चुनारचा वालुकाश्म वापरलेला दिसतो. हा फरक दूरच्या प्रेक्षकास खटकत नाही. पण मराठी प्रेक्षक घाट ओळखतो आणि त्याच्यापुरते चरणपूर क्षणभर नाहीसे होते. यावरून स्थळबोध हा केवळ चित्रातील गुण नसून चित्र व प्रेक्षकाचे पूर्वज्ञान यांतील संबंध आहे, हे ध्यानात येते. पर्यायी स्थळाची किंमत सामान्यतः त्या प्रदेशातील मूळ रहिवाशांना मोजावी लागते: त्यांचे गाव कथेत असते, पण पडद्यावर नसते, आणि ज्यांचे गाव पडद्यावर असते, त्यांचे नाव कथेत नसते.

मराठी चित्रपट : मराठीत स्थळाची जाण स्टुडिओच्या काळातही होती. दामले-फत्तेलाल यांच्या संत तुकाराम (१९३६) मधील देहू हे मुख्यत्वे नेपथ्यकाराने घडविलेले आहे. तरीही त्यातील घर, म्हैस, दळणकांडण व आवलीची बोलण्याची धाटणी यांमुळे ते खऱ्या गावाइतके विश्वसनीय वाटते. नेपथ्यही श्रमांच्या तपशिलाने स्थळबोध घडवू शकते, याचे ते उत्तम उदाहरण आहे. जब्बार पटेल यांच्या जैत रे जैत (१९७७) या गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरील चित्रपटात डोंगर हेच एक पात्र झाले आहे. लिंगोबाच्या डोंगरावरील मधमाश्या व त्यांच्याशी झुंजणारा ठाकर नाग्या यांची कथा त्या कड्याच्या उंचीवाचून उभीच राहू शकत नाही. संदीप सावंत यांच्या श्वास (२००४) मध्ये कोकणातील मोकळा निसर्ग व शहरातील रुग्णालय यांचा विरोध दृष्टी गमावू पाहणाऱ्या मुलाच्या कथेस थेट भिडतो: जे दिसेनासे होणार, ते आधी प्रेक्षकास दाखविले जाते.

नागराज मंजुळे यांच्या चित्रपटांत स्थळाला सामाजिक आशय प्राप्त झाला. फँड्री (२०१३) मध्ये गाव व गावकुसाबाहेरचे घर यांतील थोडके अंतर हाच संघर्षाचा विषय आहे. मारलेले डुक्कर काठीला बांधून नेणारे कुटुंब शाळेच्या भिंतीवरील समाजसुधारकांच्या चित्रांपुढून जाते, तेव्हा एकाच चौकटीत घोषित मूल्ये व प्रत्यक्ष व्यवहार समोरासमोर येतात. सैराट (२०१६) चे चित्रण दिग्दर्शकाच्या स्वतःच्या करमाळा तालुक्यात (जि. सोलापूर) झाले. उसाची शेते, विहीर व केळीच्या बागा यांचा पूर्वार्धातील प्रसन्नपणा आणि उत्तरार्धातील हैदराबादची अनोळखी वस्ती व परकी भाषा यांच्या विरोधातून नायक-नायिकेचे उखडले जाणे जाणवते. तेथील बोली प्रमाण मराठीत न बदलता ठेवली गेली आणि ती महाराष्ट्रभर समजली व स्वीकारली गेली.

परिणाम व मर्यादा : स्थळचित्रणामुळे स्थानिकांना तात्पुरता रोजगार मिळतो व स्थळाची प्रसिद्धी होऊन पर्यटन वाढते. त्याचबरोबर दैनंदिन व्यवहारात अडथळा, पिकांची वा वास्तूंची हानी असे दुष्परिणामही संभवतात. द बीच (२०००) या चित्रपटासाठी थायलंडमधील माया खाडीच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्या व झाडोरा यांत फेरफार करण्यात आल्याने न्यायालयीन वाद झाला. पुढे पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळांची हानी झाल्यामुळे ती खाडी २०१८ पासून सु. साडेतीन वर्षे बंद ठेवावी लागली. भारतात संरक्षित वास्तूंवर चित्रीकरणासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आवश्यक असते. परवानग्या, प्रवास व गर्दी यांच्या अडचणींमुळे चित्रनगरीचा पर्याय टिकून राहिला. मुंबईत गोरेगाव येथे राज्य शासनाच्या पुढाकाराने १९७७ मध्ये अशी चित्रनगरी स्थापन झाली. अलीकडे संगणकनिर्मित पार्श्वभूमीमुळे कोणतेही स्थळ पडद्यावर आणणे शक्य झाले आहे. मात्र अशा पार्श्वभूमीत आधी योजलेले तेवढेच असते. काशफुले खाणारी गुरे तिच्यात शिरत नाहीत. खरे स्थळ निर्मात्याच्या योजनेस विरोध करते, आणि त्या विरोधातून योजनेत नसलेले काही चित्रपटात येते.

स्थळचित्रणाचे आणखी एक मूल्य काळाच्या ओघात प्रकट होते. कथेसाठी केलेले चित्रण पुढे दस्तऐवज ठरते. बर्लिनचे भग्नावशेष हटविले गेले, वाल मेलाईनाभोवतीची मोकळी जमीन रोमच्या वाढीत बुडाली, बोडाल कलकत्त्याच्या उपनगरांत सामावून गेले. या जागा ज्या अवस्थेत होत्या, तशा त्या आता चित्रपटांतच पाहावयास मिळतात. महाराष्ट्रातील अनेक गावे, वाडे व चाळी यांच्या बाबतीतही हेच घडत आहे. म्हणून एखाद्या जागी कॅमेरा नेताना दिग्दर्शक कथेसाठी केवळ एक पार्श्वभूमी निवडीत नसतो. त्या जागेचे कोणते रूप पुढील पिढ्यांच्या स्मरणात राहावे, हेही तो काही अंशी ठरवीत असतो.